बाळंतिणीचं पाणी

गया जाऊन वर्ष होत आलं. भेटायला येणारे लोक अजून म्हणतात, "तात्या, बाई लय मायाळू होती." मी नुसती मान हलवतो. खरं सांगायचं तर गया मायाळू बिलकुल नव्हती. कडक होती. तिच्या तोंडाला सगळी गल्ली भ्यायची, आणि मीही त्याच गल्लीत राहत होतो.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मला गोड लिहिता येत नाही. तिच्याबद्दल गोड लिहिलं तर ते तिचं राहणार पण नाही.

माणसाशी ती म्हशीशी बोलावं तशी बोलायची, आणि म्हशीशी माणसाशी बोलावं तशी. आमच्या म्हशीचं नाव चंद्री. सकाळी गोठ्यात गेली की आतून ऐकू यायचं, "उठा चंद्राबाई, ऊन वर आलं." आणि मला? "सरका तिकडं, वाटंत खुट्यावानी काय बसायलाव?" कुणी तिला काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही, काम मिळायचं. मी म्हणावं भूक लागली, तर ती म्हणायची, "मंग कडबा टाकून या." पोरानं म्हणावं आई, डोकं दुखतंय, तर "सरपण फोड, उतरंल." आणि सरपण फोडल्यावर न सांगता तेल घेऊन त्याच्या डोक्यापाशी बसायची. पण बसल्यावरही तोंड चालूच.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. उन्हाळ्यात हापसा कोरडा पडतो आणि टँकरची वाट बघावी लागते. त्या दिवसांत घरात पाणी आलं की पहिला मान चंद्रीचा. आमच्या बालाजीचं लग्न जमलं तवा व्याही पहिल्यांदा घरी आले. चैताचं ऊन, माणूस घामानं भिजलेला, बाजेवर टेकला. गया बादली उचलून गोठ्याकडं निघाली. मी दबल्या आवाजात म्हणालो, "अगं, आधी पाव्हण्याला पाणी." गोठ्यातून मोठ्यानं जवाब आला, "पाव्हणं सांजच्याला धार देणार हाईत का?"

व्याही हसले म्हणून बरं. नसते हसले तर सोयरीक तिथंच मोडली असती.

पण ती उगीच बोलत नव्हती. म्हशीला पाण्याची एक खेप चुकली की संध्याकाळी धारेला दूध कमी. भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकूनच तिला कळायचं. मंग अख्ख्या घराचा उद्धार. "कुणाची पाळी व्हती? मुकं जनावर मागतंय का तोंडानं?"

अशी ही बाई. कुणाला न भिणारी. पण एका जागी तिचा आवाज बसायचा. कुणाच्या घरी बाळंतीण असली की गया त्या दारावरून जाताना पदर तोंडावर घ्यायची आणि भरभर चालायची. बायकांना वाटायचं, हिला नजर लागायचं भ्या वाटतं. तसं नव्हतं.

आमचं पहिलं लेकरू मुलगा होता. गयाला सावत्र आई, म्हणून बाळंतपण माहेरी न होता आमच्याच घरी झालं. मी तवा पूर्णेला रेल्वेच्या कामावर, रुळाखाली खडी भरायच्या टोळीत होतो. घरी माझी मोठी बहीण होती, अक्का. नवरा वारल्यापासून ती आमच्यातच राहते. बाळंतपण अक्कानं काढलं. तिचे नियम म्हणजे आमच्या सगळ्या मुलखाचेच नियम. पहिला चीक पिळून फेकायचा. लेकराला गुळाच्या पाण्याचा बोळा चोखवायचा. बाळंतिणीचे कान बांधायचे, खोलीला वारं लागू द्यायचं नाही, बाजेखाली शेगडी ठेवायची. आणि पाणी द्यायचं नाही. जेवताना वाटीभर, तेही उकळलेलं. जास्त पाणी दिलं तर पोट सुटतं आणि दूध पातळ होऊन लेकराला बाधतं, असं अक्काला तिच्या सासूनं सांगितलेलं.

गंमत बघा. म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आम्ही गल्लीत वाटतो. बाईचा चीक मात्र मोरीत.

पुढचं मला गयानं एकदाच सांगितलं, आणि तेही माझ्याकडं न बघता. म्हणाली, "जीभ टाळूला चिकटली व्हती. घरात कुनी न्हाई बघून माठातलं वंजळभर प्याले. मागं वळून बघते तर अक्का दारात." त्यानंतर लेकराला ताप भरला आणि ते गेलं. सांत्वनाला आलेल्या बायकांसमोर अक्का म्हणाली, "बाळंतिणीनं चोरून पाणी पिलं. लेकराला बाधलं."

मी पूर्णेहून आलो तवा सगळं उरकलं होतं.

नंतर बालाजी झाला, मंग मुलगी झाली. त्या दोन्ही खेपेला गयानं पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. दूध तिला फार आलंच नाही. लेकरं जगली ती म्हशीच्या दुधावर आणि नशिबावर. पण जगली. तवा गयाच्या मनात पक्कं बसलं, की अक्का खरं बोलली होती. पहिलं मी मारलं, हे दोन मी सोसून वाचवले. हे ओझं ती किती वर्षं उचलून फिरत होती आणि आम्हाला वाटायचं बाईचा स्वभावच तिखट.

मंग बालाजीची बायको रेखा बाळंत झाली. रेखाला आई नाही, म्हणून हेही बाळंतपण आमच्याकडं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. तिथल्या सिस्टरनं लेकरू लगेच छातीला लावलं, ते प्यायलंही. जीपमधून घरी आलो तो वैशाखाचा भर होता. आमचं घर टिनाचं. एक मोठी खोली आणि पुढं पडवी. खोलीच्या कोपऱ्यात साडीचा पडदा लावून रेखाची बाज टाकली. अक्कानं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, पंखा बंद केला, शेगडी पेटवली. दारातून आत गेलं की भट्टीत गेल्यासारखं.

गयानं काय केलं? खोलीतला माठ उचलला, पडवीत आणला आणि त्याच्यापाशी बसली.

पडद्यामागून रेखा सासूला हाक मारायची, "आत्या, घोटभर."

"जेवताना मिळंल."

"आत्या, जीभ वळाना."

"माझीबी वळली नव्हती. सोस."

बोलायची कडक, पण तेवढं बोलून तोंड फिरवायची. मला एक गोष्ट दिसली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. दिवसभर माठापाशी बसून ती स्वतःही पाणी पीत नव्हती. ओठ फुटले होते. मी म्हणालो, "तू तर पी." ती म्हणाली, "तिच्या कानाला आवाज जाईल."

रेखाचं दूध कमी पडायला लागलं. पाणी हे एक. दुसरं म्हणजे आम्ही बाप्ये. त्या उन्हात शेतात दुपारी थांबता येत नाही, म्हणून मी आणि बालाजी घरी यायचो आणि त्याच खोलीत पडायचो, दुसरी सावली कुठं होती? मधी नुसता साडीचा पडदा. सासरा पलीकडं घोरतोय म्हटल्यावर सून पदर कशी बाजूला करणार? लेकरू रडायचं, ती नुसती थोपटायची. अक्का म्हणायची, "हिला दूधच न्हाई." आणि चंद्रीच्या दुधात पाणी घालून बोळ्यानं पाजायची.

मंग लेकराला हगवण लागली. आधी लय रडत होतं. नंतर रडेना. आम्हाला वाटलं शांत झालं.

आशाताई आली ती दुपारीच. गावातलीच पोरगी, घरोघर फिरून बाळंतिणी बघायचं काम तिच्याकडं. तिनं लेकरू उचललं, टाळूवर बोट ठेवलं आणि तिचा चेहराच बदलला.

"माय, हिनं लघवी कवा केली?"

अक्का म्हणाली, "उन्हाळा हाय, कमीच व्हती."

"कमी न्हाई, झालीच न्हाई. टाळू खोल गेलीय. वरचं दूध आधी बंद करा. घडीघडी छातीला लावा. आन वयनीला पाणी द्या, पायजे तेवढं. मी गाडी बघते, दवाखान्यात न्यावं लागंल."

गया माठापाशी उभी राहिली. "गाडी बघ. पाण्याचं सोडून बोल."

"आवं मावशी, तिचेच ओठ बघा की."

"पाण्याचं सोडून बोल म्हन्लं ना!"

"काल आली कामावर," अक्का म्हणाली, "आन आज आमाला शिकवायली. किती बाळंतपणं काढलीस गं तू?"

आशाताई भांडत बसली नाही. फोन कानाला लावून ती रस्त्याकडं पळाली. खोलीत कुणी हलेना. मी भिंतीशी, बालाजी उंबऱ्यावर. आणि मंग पडदा सर्रकन बाजूला झाला.

रेखा उभी होती. कानाचा रुमाल काढून फेकलेला, डोक्यावर पदर नाही, केस घामानं चिकटलेले. लग्न झाल्यापासून त्या पोरीनं माझ्यासमोर कधी मान वर केली नव्हती. हातात लेकरू, त्याची मान कलंडलेली.

"आत्या," ती म्हणाली, "मला म्हस समजा."

"काय बोलायलीस?"

"म्हस समजा मला! चंद्रीला दिसातून तीनदा पाजता. एक खेप चुकली की तुमीच घर डोक्यावर घेता, दूध कमी आलं मनून. मंग माझं कुठून येईल? मी काय दगड हाय का? सून मनून नका देऊ, पर म्हस मनून तरी द्या!"

बालाजी म्हणाला, "रेखा, तोंड सांभाळ—"

"तू गप ऱ्हा," गया म्हणाली.

ती कुणाकडंच बघत नव्हती. मी तिचा चेहरा बघितला. आयुष्यभर जनावराच्या पाण्याला जपलेली बाई. ही गोष्ट तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती, तिला ती सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होती. फक्त गोठ्यातली गोष्ट तिनं घरात कधी आणली नव्हती. तिनं वाकून तांब्या उचलला.

अक्का दारात आडवी झाली. "गया. इसरलीस का?"

"न्हाई इसरले."

"लेकराला काई झालं तर तुझ्या माथ्यावर येईल, सांगून ठिवते."

"येऊ द्या," गया म्हणाली. "माथा माझाच हाय. एक लेकरू तुमी ठिवलंयच की त्याच्यावर."

अक्का बाजूला झाली. तिला कुणी ढकललं नाही. तिचे पायच सरकले.

रेखा तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली. "हळू," गया म्हणाली, "ठसका लागंल." दुसरा तांब्या भरला. शेगडी उचलून अंगणात आपटली. खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या. मंग आमच्याकडं वळली. "बाप्ये बाहेर."

"अगं, ऊन—"

"उनानं मरत न्हाईत. निघा!"

आम्ही बापलेक अंगणात लिंबाखाली. चपला आत राहिल्या होत्या आणि आणायला जायची दोघांचीही छाती झाली नाही. तापल्या मातीत पाय आलटून पालटून उभे राहिलो. आतून गयाचा आवाज यायला लागला. तसा आवाज मी गोठ्यातच ऐकला होता, माणसाशी बोलताना कधी नाही. "घ्या बाईसाहेब. घ्या. तोंड उघडा. रेखा, इकडून धर तिला. आगं उपाशी हाय ती, जोर कुठून आणंल? पिळ थोडं, थेंब सोड व्हटावर. घे गं माय माझी, घे."

लेकरू घेत नव्हतं. आम्हाला दिसत काही नव्हतं, पण गया तेच तेच म्हणत होती त्यावरून कळत होतं. बालाजी खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यात घातलं.

तेवढ्यात आशाताई जीप घेऊन आली. मागं रेखा, गया, आशाताई. मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी. बालाजी मागून मोटरसायकलवर. निघताना गया म्हणाली, "पोरा, तो आरसा वर कर."

"मावशी, मागचं दिसंना मंग."

"मागं दिसण्यासारखं तुझ्यासाठी काई न्हाई. वर कर."

त्यानं आरसा छपराकडं वळवला. मी समोर रस्ता बघत बसलो. मागून नुसते शब्द. "ओठ लागले का? ... न्हाई. ... पुन्हा सोड थेंब. ... गिळलं का ताई?" आशाताई म्हणायची, "गिळलं वाटतं." मंग कुणीच काही बोलेना. मी जीपच्या दांडीला धरून बसलो. मागं वळून बघायची सोय नाही आणि विचारायची हिंमत नाही. वळणावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि इंजिनचा आवाज जरा कमी झाला, तवा ऐकू आलं. बारीक आवाज, वासरू आचळाला लागल्यावर येतो तसा. चुटुक चुटुक.

"वढायली," रेखा म्हणाली. "आत्या, वढायली हो."

गया म्हणाली, "गाडी हळू चालव रे. तोंड सुटंल तिचं."

"आन आमी म्हनतो जोरात चालव!" आशाताई म्हणाली आणि रडायलाच लागली.

दवाखान्यात लेकराला ठेवून घेतलं, सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले बरं झालं आणलं. धोका टळला तवा गयानं सिस्टरला गाठलं. मी शेजारीच होतो.

"बाई, एक विचारू? बाळंतिणीनं पाणी पिल्यानं लेकरू मरतंय का?"

"नाही मावशी. असं कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं ते गयानं सांगितलं नाही. म्हणाली, "मंग कशानं मरतंय?"

"कशानंही. ताप, कावीळ, जंतू. ते बघितल्याशिवाय कसं सांगणार? कुणाचं लेकरू?"

"हाय एकीचं," गया म्हणाली. "जुनं हाय."

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. म्हणाली, "कारण नका सांगू मला कुनी. पाण्यानं नव्हतं गेलं, बास."

घरी आल्यावर अक्काशी ती भांडेल असं मला वाटत होतं. एका दुपारी दोघी तूर निवडत बसल्या होत्या, तवा अक्कानंच तोंड उघडलं. "गया, तवा आमाला जे ठावं व्हतं तेच केलं."

"व्हय," गया म्हणाली. "मीबी रेखाला तेच केलं की." आणि तूर पाखडायला लागली. त्यावर पुन्हा दोघी कधी बोलल्या नाहीत. अक्काला रोज जेवायला पहिलं ताट गयाच वाढायची.

पण त्यानंतर तिला एक नाद लागला. ज्या दारावरून ती पदर घेऊन पळायची, त्या दारात आता न बोलावता जायची. कुणाकडं बाळंतीण आहे कळलं की तांब्या भरून घेऊन हजर. आधी बाप्ये बाहेर, मंग खिडकी उघडी, मंग पोरीशेजारी बसकण. गल्लीतले लोक वैतागले. "आली गयाबाई, निघा रे."

शेजारच्या किशनच्या घरी तर तमाशाच झाला. त्याची सून बाळंत, आणि किशन चार दोस्तांना घेऊन त्याच खोलीत टीव्हीवर मॅच बघत बसलेला. गया टीव्हीसमोर जाऊन उभी.

"मावशी, सरका ना! शेवटची ओव्हर हाय."

"ह्या लेकराची सकाळपासनं बॅटिंग आली न्हाई, त्याचं काय?"

"टीव्ही माझा, घर माझं!"

"नात कुनाची?"

किशन टीव्हीची वायर काढून टीव्हीच घेऊन अंगणात गेला. जाताना म्हणाला, "तात्या, हिला कशी नांदवता हो?" मी म्हणालो, "तीच मला नांदवायली."

सगळीकडं तिचं चाललं असं नाही. एका पोरीला ती जबर बोलली. ओली बाळंतीण, आणि लेकरू सासूपाशी टाकून कापूस वेचायला जायची. दुपारपर्यंत लेकरू उपाशी. गया तिला शेतात गाठून म्हणाली, "लाज वाटती का?" ती पोरगी वेचणी न थांबवता म्हणाली, "वाटती की मावशी. पर लाजेनं चूल पेटना. मी घरी बसते, तुमी येता का माझ्या जागी?"

गयाला कुणी गप केलेलं मी लय कमी वेळा बघितलं. ती तशीच घरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते लेकरू कापडात गुंडाळून शेताकडं निघाली. बायका माणसांना भाकरी घेऊन जातात, ही लेकरू घेऊन जायची. मुकादम ओरडला, काम सोडून बसायचं नाही. गया त्याच्या अंगावर गेली. "मंग तिच्या पाटीत मी वेचते. तू लेकराला पाजतो का?" पोरगी कापसाच्या ढिगाआड बसून पाजायची आणि तेवढा वेळ गया तिच्या सऱ्या वेचायची. वेचणी संपेपर्यंत हे चाललं. घरी मी करपलेली भाकर खात होतो, कारण रेखा शेतात आणि चुलीशी म्हातारी अक्का.

गेल्या साली तिला दमा वाढला. मंग पायावर सूज आली, मंग उताणं झोपता येईना. बालाजीनं परभणीला दवाखान्यात नेलं. बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. नळी नाकात, तरी तोंड चालू. सिस्टरला म्हणाली, "तुझं जेवण झालं का? मंग आधी जेव, मला टोचायची घाई न्हाई." मंग बोलणं कमी होत गेलं. एका दुपारी डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, आता फार वेळ नाही, जवळ बसून राहा. बालाजी रेखाला आणि नातीला आणायला गावाकडं गेला. मी स्टूल ओढून बसलो. उठायचं नाही असं ठरवूनच बसलो.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची देखभाल करायला तिची सून, अंगावर पिणारं लेकरू घेऊन आलेली. घरी दुसरं कुणी नसणार. संध्याकाळी भेटायची वेळ झाली आणि वॉर्ड माणसांनी भरला. खाटे-खाटेपाशी बाप्ये. ते लेकरू रडायला लागलं. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली, पदर ओढला, पण पलीकडं दोघं जण उभे राहून तिच्याच दिशेनं बघत गप्पा मारत होते. तिनं पदर पुन्हा नीट केला आणि लेकराला नुसतं हलवत बसली. ते जास्तच रडायला लागलं.

गयाचे डोळे मिटलेले होते. ते उघडले. "उठा," ती मला म्हणाली.

"काय पायजे? पाणी देऊ?"

"भायेर जा."

"अगं मी बसतो ना. डॉक्टर म्हन्ले—"

"समद्यांना घिऊन जा."

मला कळलं. आणि खरं सांगतो, मला लय राग आला. तिच्यापाशी किती वेळ उरला होता ते मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक असणार. तो वेळ ती अनोळखी लेकराला देत होती. पण तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलो होतो? मी उठलो. "चला मंडळी, जरा वेळ बाहेर," असं म्हणत खाटे-खाटेपाशी गेलो. एक जण म्हणाला, "आजोबा, भेटायची येळ हाय ही." मी म्हणालो, "हाय. माझीबी हाय. चला." माझ्या तोंडाकडं बघून तो निघाला. त्याच्या मागं बाकीचे. मी सगळ्यात शेवटी बाहेर आलो आणि दार लोटलं.

आत रडणं चालू होतं. मंग तुटक झालं. मंग थांबलं. मला वाटलं पिऊन झालं असेल. मी दार जरासं ढकललं.

पोरगी आमच्याकडं पाठ करून बसली होती. गयाची मान दाराकडं वळलेली होती. तिनं मला बघितलं. बोलायला दम नव्हता. खाटेवरून हात उचलला आणि पंजा माझ्याकडं करून धरला.

लेकराचं अजून व्हायचं होतं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभा राहिलो.